दिंडीच्या टेम्पोतला दिवा

शेतकरी बंधूंनो, आणि वहिनी, तुम्हीही ऐका. अंधारात पिठाचा डबा शोधावा लागतो तो तुम्हालाच. आषाढीसाठी मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते, आणि सावद्याकडची मंडळीही पंढरीची वाट धरतात. महिनाभर सामानाचा टेम्पो हेच घर. रात्रभर आत दिवा जळतो आणि पहाटे इंजिन काही फिरत नाही! मग चिखलात धक्का मारा.

हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर २१ वॅटचा जुना बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. असे दोन बल्ब दहा तास जळले की ३५ अँपिअर-तास गेले. बॅटरी ८० ची असली तरी जवळजवळ निम्मी रिकामी. जुनी असेल तर विचारूच नका. त्याजागी ३ वॅटचे दोन एलईडी लावले तर तेवढ्याच वेळात पाच अँपिअर-तास लागतात. उजेड थोडा कमी पडेल, पण भाकरी थापायला पुरतो.

घेताना मात्र जपून. इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्याही वर जाते आणि हलका दिवा लवकर जातो. म्हणून १० ते ३० व्होल्ट लिहिलेला मागा. तो २४ व्होल्टच्या ट्रकलाही चालतो. उजेड पिवळसर असावा, त्यावर पावसाळी किडे कमी येतात. दिवा पेटला नाही तर दुकानदाराशी भांडण्याआधी दोन्ही तारा उलटसुलट करून बघा. तारेत फ्यूज हवाच, कारण शेजारी गोधड्या आणि गॅसची टाकी असते. बाहेरच्या इंडिकेटरचा बल्ब मात्र तसाच राहू द्या. तिथे एलईडी घातला की तो भराभर लुकलुकू लागतो.