तुम्ही रंग बघा, काकू!

"काकू, मायलेजचं मी साहेबांना सांगतो, तुम्ही तोवर रंग बघून घ्या ना!"

शोरूममधला मुलगा तसा गोड होता, अगदी माझ्या लेकाच्या वयाचा. त्याने थंडगार पाणीही दिलं. पण मी पंचेचाळिशी ओलांडलेली, मराठी घेऊन बी.ए. झालेली, घर आणि बचत गट सांभाळणारी. म्हणजे माझ्या वाट्याला रंगच यायचा! ह्यांना गाड्यांचं काडीचंही वेड नाही. ते म्हणाले, "अहो, तिलाच विचारा. मी फक्त चेकवर सही करायला आलोय."

मैत्रिणींनो, हे वेड माहेरचं. माझे बाबा टेल्कोत होते. कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली, तरी आमच्या पिंपरीतली जुनी मंडळी टेल्कोच म्हणतात. आमच्याकडे जेवताना आमटीच्या चवीबरोबर सस्पेन्शनचीही चर्चा व्हायची. १९९१ मध्ये टाटांची सिएरा आली तेव्हा मी सातवीत होते. मागच्या बाजूला वळणदार मोठी काच आणि मागची दारंच नाहीत! बाबा कौतुकाने दाखवत होते आणि मी विचारलं, "पण आजी मागे चढणार कशी?" गाडीवरचा हा माझा पहिला शेरा. २०२५ मध्ये सिएरा नव्या रूपात आली. आता तिला मागची दारं आहेत. आजी मात्र नाही.

मग १९९४ ची सुमो. हे नाव जपानी पहिलवानावरून पडलं असं अजून कितीजणांना वाटतं! ते आहे सुमंत मुळगावकरांचं, टेल्को घडवणाऱ्या माणसाचं. सुमोत मागे समोरासमोरच्या बाकांवर बसून आम्ही जेजुरीला जायचो. दिवे घाटात कोणाला तरी ओकारी ठरलेली. इंडिका आली १९९८ च्या डिसेंबरात. ती आपल्याकडे घडलेली म्हणून गल्लीत पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. पहिल्या गाड्यांच्या तक्रारी झाल्या, सुधारून २००१ मध्ये व्ही-टू आली, पण बसायला ऐसपैस आणि चढायला सोपी होती हे मान्य करायलाच हवं.

गाडी पारखायची माझी एक कसोटी आहे, सासूबाईंचा गुडघा. नऊवारी नेसून, कोणाचा हात न धरता त्यांना मागच्या सीटवर बसता आलं तर गाडी पास. हल्लीच्या उंचच उंच एसयूव्ही इथेच नापास होतात. चाकणच्या चौकात पाऊण तास एका जागी उभं राहायला रणगाड्यासारखी गाडी लागतेच कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही. आणि ते फटाके फोडणारे सायलेन्सर! पोराला ओवाळून गाडीची चावी देणाऱ्या आयांनीच त्याचे कान धरायला हवेत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. आपण बुटक्या बायका सीट पार पुढे ओढून, स्टिअरिंगला बिलगून गाडी चालवतो. एअरबॅग क्षणार्धात फुटते आणि जवळ बसलेल्या बाईला तिचाच मार बसू शकतो. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडं जास्त अंतर हवं. म्हणून सीट वर-खाली होते का, हे आधी बघा. अपघाताच्या चाचण्यांसाठी जे पुतळे वापरतात तेसुद्धा कित्येक वर्षं सरासरी पुरुषाच्या मापाचेच होते, आपला विचार फार उशिरा झाला. त्या मुलाला मी हेच विचारलं. तो मॅनेजरला बोलवायला गेला.

गाडी घेतली. आता ती गाडी आणि मी रविवारी सकाळी एका मोकळ्या मैदानावर असतो. सोबत असते आमच्या बचत गटातली एक मुलगी. चोवीस वर्षांची, लातूरकडची, चिखलीत तिघीजणींत एक खोली घेऊन राहते. इथल्याच एका कारखान्यात लाइनवर दाराला रबर बसवते. दिवसाला किती दारं हातांखालून जातात ते तिने मोजणं सोडून दिलंय. पण चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर ती कधी बसलेली नव्हती.

१९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्यात नोकरी मिळवली. २०२२ मध्ये याच टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारीच्या लाइनवर दीड हजार बायका काम करत होत्या. बाबा असते तर चष्मा पुसून दोनदा वाचलं असतं!

आमच्या मुलीचा करार मार्चमध्ये संपतोय. लाइनच्या शेवटी तयार गाडी चालू करून बाहेर काढायचं काम असतं, तिथे घेतील असं सुपरवायझर म्हणालाय, पण लायसन्स हवं. घरून फोन येतो, "पैसे ड्रायव्हिंगवर कशाला घालवतेस, परत ये, स्थळ आलंय." ती लर्निंग लायसन्स काढून मोकळी झाली. ड्रायव्हिंग स्कूलची फी मात्र झेपण्यातली नव्हती. म्हणून गाडीला लाल 'एल' लावून मीच मास्तरीण झालेय.

पहिल्या दिवशी तिने क्लच असा सोडला की माझी मान मागे आपटली. सात वेळा गाडी बंद पडली. आठव्यांदा गाडी सुरू झाली आणि आम्ही मैदानाला एक आख्खा फेरा मारला. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. मी म्हटलं, "आता माझ्या बाजूने दार लावून बघते, नीट लागलं नाही वाटतं."

ती खाली उतरली. दार दोनदा उघडून लावलं, कान देऊन ऐकलं, रबरावरून अंगठा फिरवला.

"ताई, वरच्या कोपऱ्यात रबर बसलेलं नाही. पावसात पाणी येईल तुमच्या मांडीवर. सरका, मी बसवते."