विश्लेषण : सिक्लिडची अंडी घरात सहज मिळतात, मग पिल्ले का जगत नाहीत?

टाकीतल्या करवंटीपाशी एका सकाळी अचानक पिल्लांचा पुंजका दिसतो. शंभरएक राखाडी ठिपके, आणि त्यांच्या दोन बाजूंना पहारा देणारे आई-बाप. घरातले सगळे मोबाइल काढून टाकीसमोर जमतात. चार-पाच दिवसांनी पुंजका विरळ होतो आणि आठवडाभरात टाकी पुन्हा रिकामी दिसू लागते. ‘पाणी मानवले नाही’, ‘आईनेच खाल्ली’ अशी कारणे मग सांगितली जातात. प्रत्यक्षात अनेकदा ही पिल्ले भुकेने तरी मरतात किंवा अमोनियाने. या दोन्ही गोष्टी टाळता येतात, मात्र त्याची तयारी पिल्ले दिसण्याआधीच करावी लागते.

सिक्लिड म्हणजे कोणते मासे?

ऑस्कर, एंजल, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न ही दुकानातली ओळखीची नावे सिक्लिड कुळातलीच. या कुळात सोळाशेहून अधिक प्रजातींची नोंद आहे. बहुतेक आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या आहेत. भारतात मूळच्या तीनच. त्यातली एक म्हणजे गोव्यातला कालुंदर, केरळचा करिमीन. केरळने २०१० मध्ये त्याला राज्य मासा जाहीर केले.

अंडी आणि पिल्लांची काळजी घेणे ही या कुळाची खास ओळख. अनेक मासे अंडी सोडून निघून जातात. सिक्लिडमध्ये आई, बाप किंवा दोघेही पिल्लांना काही आठवडे सांभाळतात. त्यामुळेच घरच्या टाकीत त्यांची वीण पाहणे रंजक ठरते.

सुरुवातीला कोणती जात निवडावी?

छोट्या सिक्लिडमध्ये क्रिबेन्सिस ही नवख्यांसाठी सोयीची जात. ती मूळची दक्षिण नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारी भागातली. नर साधारण १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, मादी त्याहून लहान आणि गोलसर. वीण जवळ आली की मादीचे पोट लालजांभळे होते आणि जोडीदाराभोवती अंग वाकवून तीच पुढाकार घेते.

रॅम दिसायला अधिक आकर्षक असतो. पण त्याला २८ ते ३० अंशांचे उबदार पाणी लागते, पिल्ले आणखी बारीक असतात आणि उघड्या दगडावर घातलेली अंडी अनेकदा जोडीच खाऊन टाकते. अपिस्टोग्रामामध्ये बहुतेक भार एकट्या मादीवर असतो. क्रिबेन्सिसमध्ये आई-बाप दोघेही राबतात.

जोडी म्हणून विकलेले दोन मासे जोडी असतीलच असे नाही. पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवून त्यांना आपसांत जोडी जमवू देणे अधिक खात्रीचे. जोडी जमली की उरलेले मासे दुसरीकडे हलवावेत.

टाकी कशी हवी?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी सुमारे ५५ लिटरची टाकी एका जोडीला पुरते. त्यात दुसरे मासे नकोत. विणीच्या काळात ही जोडी इतरांना कोपऱ्यात दाबून ठेवते आणि तळाशी फिरणारे कॅटफिश रात्री अंडी-पिल्ले टिपतात.

तळाला बारीक वाळू, काही वनस्पती आणि एक-दोन गुहा एवढे पुरे. नारळाची अर्धी करवंटी, कडेला माशापुरते भोक पाडून, पालथी ठेवली की गुहा तयार. मातीची छोटी कुंडी आडवी ठेवली तरी चालते. जोराने पाणी खेचणारा फिल्टर पिल्लांनाही खेचून घेतो, म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावावा. तापमान २५ ते २७ अंश ठेवावे. पुणे-नाशिककडे हिवाळ्याच्या रात्री पारा बराच उतरतो, तेव्हा ५० वॉटचा हीटर लागतो. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ असू द्यावा.

नवी टाकी लगेच विणीला घेऊ नये. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट आणि दुसरे जिवाणू पुढे नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरे त्या मानाने सौम्य. हे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार समजावी.

अंडी घातल्यावर दिवसागणिक काय घडते?

मादी गुहेच्या छताला किंवा भिंतीला अंडी चिकटवते. संख्या ५० ते ३०० पर्यंत असू शकते. ती आत राहून परांनी अंड्यांवर पाणी खेळते ठेवते, नर बाहेर पहारा देतो. मादी दिवसभर दिसेनाशी झाली तर ती आजारी आहे असे समजून करवंटी उचलून पाहू नये. घाबरलेली जोडी अंडी खाते.

दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. या वेळी पिल्लांना पोहता येत नाही. पोटाला जोडलेल्या बलकाच्या पिशवीवर ती जगतात आणि जागच्या जागी वळवळतात. तेव्हा बाहेरचे अन्न टाकणे म्हणजे फक्त पाणी खराब करणे.

साधारण सातव्या-आठव्या दिवशी बलक संपत येतो आणि पिल्ले पोहत बाहेर पडतात. अन्नाचे घड्याळ इथून सुरू होते. पुढच्या एक-दोन दिवसांत तोंडात मावेल असे खाणे मिळाले नाही, तर ती अशक्त होतात आणि नंतर अन्न समोर आले तरी सावरत नाहीत.

पिल्ले नेमकी कशाने मरतात?

पहिले कारण भूक. मोठ्या माशांचे दाणे कुस्करले तरी बरेचसे कण या पिल्लांसाठी मोठे असतात. शिवाय हलणारे भक्ष्य त्यांना लवकर ओळखता येते.

दुसरे कारण, उपाशी राहू नयेत म्हणून केलेला अतिरेक. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पिल्ले त्यातले थोडेच खातात, उरलेला बलक तळाशी कुजतो आणि अमोनिया वाढतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असले तरी त्यात अमोनिया असू शकतो.

यात सामू, म्हणजे पीएच, महत्त्वाचा. अमोनियाचा जो भाग खरोखर विषारी असतो, तो सामू ७ वरून ८ वर गेला की सुमारे दहापट होतो. त्यामुळे एकाच मापाचे अन्न टाकून एका घरात पिल्ले जगतात आणि बोअरवेलचे अल्कधर्मी पाणी वापरणाऱ्या दुसऱ्या घरात मरतात.

तिसरे कारण पाणी बदलण्याची पद्धत. आठवड्यातून एकदा अर्धी टाकी रिकामी करण्यापेक्षा रोज १० टक्के पाणी बदलणे पिल्लांना सोसते. एअर पंपाच्या बारीक नळीने तळाचा गाळ पांढऱ्या बादलीत ओढून घ्यावा. चुकून आलेली पिल्ले पांढऱ्या बादलीत लगेच दिसतात आणि परत सोडता येतात. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि क्लोरीन काढलेले हवे.

आर्टेमिया घरी कसा उबवायचा?

आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यात वाढणारा बारीक कवचधारी जीव. त्याची सुप्त अंडी सुकवलेल्या स्वरूपात मिळतात. त्यातून निघालेली पिल्ले अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात आणि हलत राहतात. क्रिबेन्सिसच्या पिल्लांना पहिला घास म्हणून ती योग्य ठरतात.

एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ विरघळवून ते प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावे, अर्धा चमचा अंडी टाकावीत, एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडून पाणी सतत ढवळते ठेवावे आणि जवळ दिवा लावावा. २६ ते २८ अंशांना २४ ते ३६ तासांत नारिंगी ढग दिसतो. पंप बंद केला की टरफले वर तरंगतात. बाटलीच्या तळाकडे बाजूने टॉर्च धरला की पिल्ले उजेडाकडे जमतात. ती नळीने ओढून, दाट विणीच्या कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन टाकीत सोडावीत. टरफले सोडू नयेत.

अंडी घातल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी पहिली बाटली लावली तर वेळ बरोबर जुळते. दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे द्यावे. पिल्लांची पोटे नारिंगी दिसली की घास पोटात गेला. आर्टेमियाची ताकद एका दिवसात उतरते, म्हणून रोज नवी बाटली. टाकीत जंगली बदामाची दोन-तीन वाळलेली पाने ठेवली तर त्यांच्यावर वाढणारे सूक्ष्मजीवही पिल्ले टिपतात.

आई-बाप खरेच पिल्ले खातात का?

खातात. विशेषतः पहिल्या विणीला, किंवा सतत कोणी काचेवर टकटक करत असेल तर. पण दुसऱ्या-तिसऱ्या विणीला बऱ्याच जोड्या सुधारतात, त्यामुळे पहिल्या अपयशावरून जोडी बदलण्याची घाई नको. संध्याकाळी आई पिल्लांना तोंडात घेताना दिसली तर तिने ती खाल्ली असे नाही. अंधार पडण्याआधी ती त्यांना गुहेत नेऊन सोडते. दिवा एकदम बंद झाला तर पिल्ले उघड्यावर राहतात, म्हणून खोलीतला दिवा टाकीच्या दिव्यानंतर अर्ध्या तासाने बंद करावा.

चारेक आठवड्यांत पिल्ले एक सेंटिमीटरच्या आसपास होतात. जोडी पुन्हा विणीची तयारी करू लागली की तीच या पिल्लांना हाकलते. तेव्हा ती वेगळ्या टाकीत हलवावीत.

सगळे नरच का निघतात?

क्रिबेन्सिसमध्ये पिल्लाच्या सुरुवातीच्या दिवसांतला सामू लिंगावर परिणाम करतो. आम्लधर्मी पाण्यात नरांचे प्रमाण वाढते, अल्कधर्मी पाण्यात माद्यांचे. प्रमाण साधारण सारखे हवे असेल तर सामू ७ च्या जवळपास ठेवावा. तो रसायने टाकून रोज वरखाली करणे मात्र पिल्लांना अधिक घातक.

वाढलेल्या पिल्लांचे काय?

हा प्रश्न अंडी मिळण्याआधी विचारायला हवा. एका विणीतून ६० पिल्ले जगली तर तीनेक महिन्यांत ती अडीच सेंटिमीटरची होतात आणि ५५ लिटरमध्ये मावत नाहीत. जोडी दरम्यान पुन्हा अंडी घालते. ओळखीतले हौशी किंवा जवळचा दुकानदार पिल्ले घेईल का, हे आधी विचारून ठेवावे. कोणी घेणार नसेल तर नर-मादी वेगळे ठेवावेत.

नदी, तलाव किंवा विहिरीत पिल्ले सोडणे ही दया नव्हे. त्याचे उदाहरण राज्यातल्या धरणांत आहे. मोझांबिक तिलापिया हाही सिक्लिडच. तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज त्याच्या जातभाईंसह ‘चिलापी’ या नावाने उजनीसारख्या जलाशयांत ठाण मांडून आहे. पिल्लांना जपणारे आई-बाप हा घरच्या टाकीत कौतुकाचा गुण. स्थानिक माशांची अंडी उघड्यावर असलेल्या तलावात तोच गुण परक्या माशाला वरचढ करतो. म्हणून ज्या पिल्लांसाठी घर मिळाले नाही, ती टाकीतच राहिली पाहिजेत.