२१४७४८३६४७ ने केलेला मामा

फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलची गोष्ट. चिठ्ठीत आलं, ‘दिलेली संख्या मूळ आहे का ते सांगणारा सी प्रोग्रॅम लिहा.’ म्हटलं, लॉटरीच लागली! भाजक फक्त वर्गमुळापर्यंत तपासायचे, एवढी हुशारीही केली. ७ दिले, ९१ दिले, उत्तरं बरोबर. मग एक्स्टर्नल सरांनी शांतपणे टाईप केलं : २१४७४८३६४७. कर्सर लुकलुकत राहिला. काही सेकंदांनी उत्तर आलं, ‘मूळ नाही’. सर हसले. ‘ऑयलरला विचारून ये,’ म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मार्क गेले ते गेलेच.

मित्रांनो, ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ३२ बिटांच्या इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या, आणि ती चक्क मूळ आहे! अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्यासाठी घात मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. घात ११ घेतला तर २०४७ येतात, म्हणजे २३ गुणिले ८९.

मग माझं चुकलं कुठे? लूपची अट होती : आयचा वर्ग एनपेक्षा मोठा झाला की थांब. ४६३४० चा वर्ग इंटमध्ये मावतो. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१. तो मावेना, उलटून ऋण झाला. आणि एन हीच इंटमधली सर्वांत मोठी संख्या, तर तिच्याहून मोठं काही येणार कुठून? लूप पळत सुटला. शेवटी आय स्वतःच एनपर्यंत पोचला, एनला एनने भाग गेला, आणि प्रोग्रॅमने जाहीर केलं, भाजक सापडला!

आता ऑयलर. १७७२ साली त्याने ही संख्या मूळ असल्याचं पत्राने कळवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. पण त्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. या संख्येला मूळ भाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी उरणारेच उमेदवार राहतात. ४६३४० पर्यंत असे आकडे फक्त ३७३. त्यातलेही मूळ असतील तेवढेच तपासायचे. एकानेही भाग जात नाही. संपलं!

पुढे ल्युका आणि लेमर यांच्या कसोटीने भाजक शोधायची गरजच उरली नाही. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या. हे २९ वेळा केलं की बाकी शून्य, म्हणजे संख्या मूळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकी मर्सेन मूळ संख्याही याच कसोटीवर पक्की केली गेली.

मी मशीनकडून दोनशे कोटींहून जास्त भागाकार करून घेतले आणि उत्तर चुकलं. ऑयलरने आधी विचार केला, मग भागाकार. आता माझ्या अटीत वर्ग नसतो. एनला आयने भागून येणाऱ्या भागाकाराशी आयची तुलना असते. तुमचा प्रोग्रॅम काय म्हणतो? सबमिशनच्या आधी २१४७४८३६४७ देऊन बघाच!