२बी९ वसिल्योक

२बी९ वसिल्योक ही सोव्हिएत संघात विकसित झालेली, चाकांच्या तोफगाड्यावर बसविलेली ८२ मिलिमीटर व्यासाची स्वयंचलित उखळी तोफ आहे. ती १९७० मध्ये सोव्हिएत सैन्यात दाखल झाली. उखळी तोफेप्रमाणे ती उंच कमानी मार्गाने गोळा फेकू शकते आणि नळी आडवी करून साध्या तोफेप्रमाणे समोरच्या लक्ष्यावर थेट माराही करू शकते. त्यामुळे तिचे वर्णन अनेकदा ‘तोफ-उखळी’ असे संयुक्त नावाने केले जाते. अफगाणिस्तानातील सोव्हिएत युद्धात (१९७९–१९८९) ती विशेष प्रसिद्धीस आली. युक्रेनमधील युद्धातही तिचा वापर झाला आहे.

‘वसिल्योक’ हे गव्हाच्या व राईच्या शेतांत उगवणाऱ्या एका निळ्या रानफुलाचे रशियन नाव आहे. सोव्हिएत तोफखान्यात अनेक शस्त्रांना फुलाझाडांची नावे दिलेली आढळतात. ग्वोझ्दिका (कार्नेशन), अकात्सिया (अकेशिया), त्युल्पान (ट्यूलिप) आणि पिऑन (पिओनी) या स्वयंचलित वाहनांवरील तोफा त्याच मालिकेतल्या आहेत. ‘२बी९’ हा मात्र सैन्याच्या नोंदणीतील अधिकृत क्रमांक आहे. त्यातील ‘२बी’ हा भाग उखळी तोफा आणि अग्निबाण-प्रक्षेपक यांच्यासाठी वापरला जाई.

पार्श्वभूमी

सर्वसाधारण उखळी तोफ म्हणजे एक गुळगुळीत नळी, तिला आधार देणारी दुपाई आणि धक्का जमिनीत उतरविणारी पोलादी पाटी. गोळा नळीच्या तोंडातून आत सोडला की तो घसरत खाली जातो, तळाच्या टोचणीवर आदळतो आणि उडतो. उखळात धान्य कांडावे तशी वरून भरण्याची ही रीत मराठी नावातही उतरली आहे. हे शस्त्र स्वस्त आणि हलके असून टेकडीच्या किंवा भिंतीच्या आड दडलेल्या शत्रूपर्यंत पोहोचते. त्याच्या मर्यादा दोन आहेत. एक म्हणजे प्रत्येक गोळा हाताने सोडावा लागतो. दुसरी म्हणजे, नळी नेहमी उभट ठेवावी लागत असल्याने समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर सरळ नेम धरता येत नाही.

या मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न सोव्हिएत संघात दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाले. १९४६ पासून व्ही. के. फिलिपोव यांच्या नेतृत्वाखालील अभिकल्प-कार्यालयाने ८२ मिलिमीटरच्या स्वयंचलित उखळी तोफेवर काम केले. त्यातून तटबंदीच्या काँक्रीट कोठडीत बसविण्याची ‘काम’ नावाची तोफ निर्माण झाली आणि १९५५ मध्ये ती स्वीकारली गेली. कोठडीत स्थिर राहणाऱ्या शस्त्राला वजनाची चिंता नव्हती. मैदानी लढाईसाठी तेच तत्त्व चाकांवर आणण्याचे काम १९५९ मध्ये ‘एफ-८२’ या नावाने सुरू झाले. मध्ये रेंगाळलेला हा प्रकल्प १९६७ नंतर पुन्हा हाती घेण्यात आला आणि सुधारलेली तोफ तीन वर्षांनी वसिल्योक म्हणून सेवेत आली.

रचना आणि कार्य

प्रथमदर्शनी वसिल्योक एखाद्या छोट्या हॉवित्झरसारखी दिसते. दोन चाकांचा तोफगाडा, मागे उघडून पसरणारे दोन दांडे आणि मध्ये आखूड, जाड नळी अशी तिची ठेवण आहे. मारा करताना पुढच्या बाजूच्या जॅकवर तोफ उचलली जाते, चाके जमिनीपासून सुटतात आणि सर्व भार जॅक व दोन दांड्यांवर येतो. नळी आडव्या रेषेच्या १ अंश खालपासून ८५ अंशांपर्यंत उचलता येते. तोफगाडा न हलवता ती डावी-उजवीकडे मिळून ६० अंशांत फिरते. नळीत आटे नाहीत, गोळ्याला दिशा देण्याचे काम त्याच्या शेपटीवरील पंख करतात.

गोळे नळीच्या मागच्या बाजूने, चार-चारच्या क्लिपमधून भरले जातात. चाप ओढला की मागे अडकवून ठेवलेला जड बोल्ट स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावतो, क्लिपमधील गोळा उचलून नळीत ढकलतो आणि पुढचा प्रवास पूर्ण होण्यापूर्वीच तो उडवितो. स्फोटाचा जोर प्रथम पुढे येणाऱ्या बोल्टची गती थांबविण्यात खर्च होतो आणि मग त्याला मागे ढकलतो. एवढ्यात पुढचा गोळा जागेवर येतो. या रचनेमुळे दोन गोष्टी साधतात. तोफेवर बसणारा धक्का बराच कमी होतो, आणि पुढचा गोळा भरण्यासाठी वेगळी शक्ती लागत नाही. गरज पडल्यास एकेक गोळा उडविता येतो, तसेच नेहमीच्या उखळी तोफेप्रमाणे तोंडातूनही भरता येतो.

यंत्रणेचा वेग मिनिटाला सुमारे १७० गोळे इतका आहे. क्लिप बदलण्याचा वेळ धरून प्रत्यक्षात १०० ते १२० गोळे उडविता येतात. अशा माऱ्यात नळी झपाट्याने तापते, म्हणून मूळ आवृत्तीत ती पाण्याने थंड ठेवण्याची सोय होती. पुढच्या २बी९एम या आवृत्तीत पाणी काढून टाकून हवेने थंड होणारी नळी बसविण्यात आली. गोठणाऱ्या हिवाळ्यात आणि निर्जळ डोंगरांत वापरायच्या शस्त्राच्या दृष्टीने हा बदल सोयीचा होता.

कमानी मार्गाने मारा करताना पल्ला ८०० मीटर ते ४,२७० मीटर आहे. स्फोटक गोळा सुमारे ३ किलोग्रॅमचा असतो आणि त्याचा मुख्य परिणाम किरचांमुळे होतो. चिलखतभेदी गोळाही उपलब्ध होता. त्याची भेदशक्ती सुमारे १०० मिलिमीटर असल्याने हलक्या चिलखती वाहनांविरुद्ध तो पुरेसा होता. त्या काळच्या रणगाड्यांच्या समोरील चिलखतापुढे मात्र त्याचा उपयोग नव्हता.

तोफेचे वजन ६३२ किलोग्रॅम असून ती चालविण्यास चार जणांचे पथक लागते. तिला ‘ओढून नेण्याची तोफ’ म्हटले जात असले तरी हे वर्णन पूर्णपणे अचूक नाही. गाझ-६६ या ट्रकवर आधारलेल्या २एफ५४ वाहनाच्या मागच्या भागात ती चढवून नेण्याची पद्धत होती. वाहनामागे जोडून ओढणे हे थोड्या अंतरापुरतेच अभिप्रेत होते. तोफ आणि वाहन मिळून होणाऱ्या संचाला २के२१ हा वेगळा क्रमांक देण्यात आला होता.

वेगाचे महत्त्व

चार गोळ्यांची क्लिप दीड सेकंदाच्या आत रिकामी होते. उंच कोनातून उडविलेला गोळा मात्र बराच वेळ हवेत असतो. त्यामुळे पहिला गोळा जमिनीवर पडण्यापूर्वीच उरलेले तिन्ही गोळे त्याच्या मागोमाग निघालेले असतात. उघड्यावरील सैनिकांचे सर्वाधिक नुकसान माऱ्याच्या पहिल्या काही सेकंदांत होते. एकदा ते जमिनीवर आडवे झाले किंवा खड्ड्यात शिरले की त्याच किरचांचा परिणाम फार कमी होतो. हाताने भरल्या जाणाऱ्या एका उखळी तोफेच्या पहिल्या आणि चौथ्या गोळ्यात जे अंतर पडते, त्यात शत्रूला आडोसा शोधण्याची संधी मिळते. वसिल्योक ती संधी जवळजवळ नाहीशी करते. तिच्या संपूर्ण गुंतागुंतीच्या यंत्रणेचे प्रयोजन हेच आहे.

या लाभाची किंमत दारूगोळ्याच्या रूपाने मोजावी लागते. मिनिटाला १०० गोळे म्हणजे ३०० किलोग्रॅमहून अधिक भार, म्हणजेच दोन मिनिटांच्या अखंड माऱ्यात तोफ स्वतःच्या वजनाएवढे गोळे संपवू शकते. शिवाय ते आधी क्लिपमध्ये भरून तयार ठेवावे लागतात. म्हणून व्यवहारात सततचा मारा टाळून तिचा वापर थोड्या-थोड्या क्लिपच्या झटक्यांत केला जाई.

अफगाणिस्तान

युरोपातील सपाट मैदानांवर यांत्रिक पायदळाला साथ देण्याची कल्पना मनात धरून तयार झालेली ही तोफ प्रसिद्ध झाली ती हिंदुकुशाच्या घाटांत. काबूल ते सोव्हिएत सीमा हा सालंग खिंडीतून जाणारा रस्ता सोव्हिएत फौजांची मुख्य रसदवाहिनी होता. मुजाहिदीन रस्त्यावरील ताफ्यांवर वरच्या कड्यांवरून हल्ला करीत आणि कड्यामागे दिसेनासे होत. रणगाड्याची नळी इतकी उंच उचलता येत नसे आणि तिचा सरळ जाणारा गोळा कड्यामागे पोहोचत नसे. साध्या उखळी तोफा वाहनातून उतरवून मांडेपर्यंत हल्लेखोर निघून जात. समोरच्या उतारावरील खडकांमागून होणारा गोळीबार थेट नेमाने दाबणे आणि त्याच जागेवरून नळी उचलून कड्यापलीकडे गोळे टाकणे, ही दोन्ही कामे वसिल्योक करू शकत होती.

अडचण होती ती वाहनाची. गाझ-६६ ला चिलखत नव्हते, आणि चालकाची जागा थेट पुढच्या चाकावर असल्याने सुरुंगाच्या स्फोटात त्याच्या जिवाला मोठा धोका असे. युद्धातील सैनिकांनी यावर स्वतःच मार्ग काढला. एमटी-एलबी या पट्ट्यांवर चालणाऱ्या हलक्या चिलखती वाहनाच्या सपाट पाठीवर तोफ बसविण्यात आली. तोफगाडा खाली न उतरवता, ताफा थांबताच मारा सुरू करता येऊ लागला आणि दारूगोळाही सोबत राहिला. तोफ चालविणारे मात्र वाहनाच्या पाठीवर उघड्यावरच उभे राहत, खालचे चिलखत त्यांच्या कामाचे नव्हते. आज वसिल्योकची जी छायाचित्रे सर्वाधिक आढळतात, त्यांत ती याच जोडणीत दिसते.

रस्त्यालगतच्या संरक्षक चौक्यांवरही या तोफा ठेवल्या जात. सभोवतालच्या घळी आणि पायवाटांची अंतरे आधीच मोजून ठेवता येत असल्याने रात्रीच्या हल्ल्यात तिचा वेग विशेष उपयोगी पडे. डोंगर चढून जाणाऱ्या तुकड्यांना मात्र तिचा उपयोग नव्हता. ६३२ किलोग्रॅमचे धूड खांद्यावर किंवा खेचरावर नेता येत नाही.

नंतरचा वापर

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर या तोफा अनेक वारस राष्ट्रांकडे गेल्या. रशियाने त्या चेचन्यातील युद्धांत वापरल्या. २०१४ पासून पूर्व युक्रेनमध्ये आणि २०२२ नंतरच्या व्यापक युद्धात दोन्ही बाजूंकडे वसिल्योक आढळते, कधी मूळ तोफगाड्यावर, तर कधी एमटी-एलबी किंवा साध्या ट्रकच्या पाठीवर.

या युद्धात तिचा पल्ला ही मोठी उणीव ठरली आहे. सुमारे चार किलोमीटरवरून मारा करणारे पथक शत्रूच्या १२० मिलिमीटर उखळी तोफांच्या आणि लहान ड्रोनच्या टप्प्यात सहज येते. त्यामुळे एक-दोन क्लिप उडवून तत्काळ जागा बदलणे भाग पडते, आणि वाहनावर चढविलेली तोफच त्यासाठी सोयीची ठरते. अफगाणिस्तानात सुरुंगांमुळे सुचलेला उपाय येथे वेगळ्या कारणाने कामी आला. वस्तीच्या भागात हे शस्त्र विशेष घातक आहे, कारण ते क्षेत्रावर मारा करते आणि एका झटक्यातील गोळे एकाच बिंदूवर पडत नाहीत.

इतर उखळी तोफांशी तुलना

१९८० च्या दशकात सोव्हिएत सैन्याने २बी१४ पोदनोस ही ८२ मिलिमीटरची साधी उखळी तोफ स्वीकारली. तिचे वजन सुमारे ४२ किलोग्रॅम, म्हणजे वसिल्योकच्या पंधराव्या भागाएवढे आहे, आणि पल्ला जवळपास तितकाच, सुमारे चार किलोमीटर. तीन-चार सैनिक ती सुटी करून डोंगरावर नेऊ शकतात. थेट मारा आणि गोळ्यांचा पाऊस या दोन गोष्टी सोडल्या तर पायदळाच्या बहुतेक गरजा तिने भागविल्या.

दुसऱ्या टोकाला २बी१६ नोना-के ही १२० मिलिमीटरची ओढून नेण्याची तोफ १९८६ मध्ये सेवेत आली. तीही थेट आणि कमानी असा दोन्ही प्रकारचा मारा करते, पण तिची नळी आटेदार आहे. तिचे वजन सुमारे १,२०० किलोग्रॅम असून पल्ला ८.८ किलोमीटर आहे. वजन दुप्पट झाले, तसा पल्लाही दुप्पट झाला, आणि एकेक गोळा कितीतरी पटींनी जड आहे. तिच्यात स्वयंचलित मारा नाही. सोव्हिएत अभिकल्पकांनी पुढच्या पिढीत वेगापेक्षा गोळ्याच्या ताकदीला पसंती दिली, हे यावरून स्पष्ट होते.

प्रती आणि रूपांतरे

चीनमधील नोरिन्को कंपनीने वसिल्योकच्या धर्तीवर डब्ल्यू-९९ ही ८२ मिलिमीटरची स्वयंचलित उखळी तोफ बनविली. चिनी सैन्यात हलक्या चारचाकी वाहनावर बसविलेली तिची आवृत्तीही वापरात आहे. अमेरिकेत २००४ मध्ये पिकॅटिनी शस्त्रागारातील अभियंत्यांनी हम्वी वाहनावर मूळ सोव्हिएत वसिल्योक बसवून ‘स्कॉर्पियन’ नावाचे प्रायोगिक वाहन तयार केले होते.