सोडणांवरची सोनिया

पहाटे ५.४५
एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मिठाच्या पाण्याचा मग. काकी मागचं दार उघडतात. कुडाळजवळच्या गावातलं चिऱ्याचं घर, मागच्या अंगणात ४० फूट लांब, १२ फूट रुंद मांडव. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट आणि तिच्यावर पावसाळ्यापुरतं पारदर्शक प्लॅस्टिक. आत ऑर्किडच्या सहाशेच्या आसपास कुंड्या, जवळपास सगळी संकरित डेंड्रोबियम. श्रावण चालू आहे, चतुर्थी दहा-बारा दिवसांवर. रात्री दोन मोठ्या सरी येऊन गेल्या.

अशा रात्रीनंतर शेंबड्या गोगलगायी हमखास सापडतात. काकींनी काल संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली कोबीची जून पानं घालून ठेवली होती. गोणपाट उचललं की खाली त्या जमलेल्या. चिमट्याने एकेक उचलायची, मगात टाकायची. गोगलगायीच्या गोळ्या मिळतात बाजारात, पण घरात मांजर आहे, कोंबड्या आहेत. गोगलगायीला जाड पानाशी फारसं देणंघेणं नसतं. तिला हवं असतं मुळाचं कोवळं टोक, नाहीतर कळी. आज एका तुऱ्याच्या चार कळ्या गेल्यात. तो तुरा असलेली कुंडी ४०० ला जायची, आता ३०० ला जाईल.

६.३०
चहा मांडवातच. कप टेबलावर ठेवून काकी रांगेने निघतात. चष्मा नाकावर, बोटं पानांखालून फिरतात. मला वाटलं होतं, ऑर्किडवाल्याचं मुख्य काम पाणी घालणं असेल. तसं नाही. मुख्य काम बघणं. पानावर पाण्याने भरल्यासारखा तपकिरी डाग आहे का? नवा कोंब बुडाशी मऊ लागतोय का? वास येतोय का? कोकणातल्या पावसात ही कूज दोन दिवसांत अख्खं रोप बसवते.

तिसऱ्या रांगेत एक सापडतं. काकी ब्लेड काढतात, गॅसच्या लायटरने दोन्ही बाजू तापवतात, गार होऊ देतात आणि डागाच्या पुढे बोटभर निरोगी भागासकट पान कापतात. कापल्या जागी दालचिनीची पूड. दालचिनी परसातलीच, मिक्सरला फिरवून औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेली. जखम लवकर सुकते. मुळांना मात्र ही पूड लावायची नाही, ती त्यांनाही सुकवते. पुढच्या कुंडीकडे जाण्याआधी ब्लेड पुन्हा ज्योतीवर. ऑर्किडचे विषाणूजन्य रोग बहुतेकदा अशा हत्यारांवरून एका रोपाचे दुसऱ्याला जातात आणि त्यावर औषध नाही. महिन्याला दोन लायटर संपतात.

७.४५
आता पाणी. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखं एक आवरण असतं. भिजलं की मूळ हिरवं दिसतं, सुकलं की चांदीसारखं पांढरं. काकी कुंडीच्या बाजूच्या भोकातून आत बघतात.

"ह्येका आज नको. मुळां अजून हिरवी आसत."

सहाशेपैकी जेमतेम शंभरेक कुंड्यांना आज पाणी मिळतं, पावसाच्या पिंपातलं. आज खताचा दिवसही आहे, आठवड्यातून एकदाच. १० लिटरच्या बादलीत १९:१९:१९ चा एक चहाचा चमचा, सपाट. पाकिटावर याहून जास्त लिहिलेलं असतं. काकी म्हणतात, पाकिटावरचा हिशोब टोमॅटोवाल्यांचा. झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या वनस्पतीला पावसाच्या ओघळातून जेवढं मिळतं तेवढ्यावर भागवायची सवय असते. खत जास्त झालं की मुळांची टोकं काळी पडतात.

९.००
शेजारची वयनी येते. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी ९ ते १. अर्ध्या दिवसाचे २५० रुपये आणि नाश्ता. आज घावणे आहेत, चटणीबरोबर. ते खाऊन ती कोयता घेते.

हे खरं कष्टाचं काम. नारळाची सोडणं दीड-दीड इंचाचे तुकडे करून तोडायची. सोडण चिवट, कोयता अडकतो, मनगट भरून येतं. तुकडे पिंपात भिजत घालायचे. पाणी चहासारखं लाल होतं, ते ओतायचं, पुन्हा भरायचं. आठवडाभर हाच उद्योग, पाणी नितळ दिसेपर्यंत. मग उन्हात वाळवायचे आणि श्रावणात ऊन येईल तेव्हा येईल. सोडणांना पैसे पडत नाहीत, पण न्हाणीची चूलही त्यावरच पेटते. घरात त्यावरून बोलणी होतात.

कुंडीत मातीचा कण नाही. तळाला विटेचे तुकडे, त्यावर लोणारी कोळसा, त्यावर सोडणं. कोळसा ५० रुपये किलो, भोकांची प्लॅस्टिक कुंडी १८ रुपये. सोडण दोन वर्षांत कुजून भुगा होतं, मग हवा खेळत नाही, मुळं गुदमरतात. म्हणून कुंडी बदलायची. तीही केव्हाही नाही. नव्या कोंबाला बुडाशी हिरवी मुळं फुटलेली दिसली की तेव्हाच.

वयनी जुनी कुंडी दाबून रोप सोडवते. मेलेली मुळं पोकळ, ओढली की साल निघून आत दोरा राहतो. ती कापायची. जिवंत टणक असतात. जुन्या, पानं गळलेल्या कांड्या कापायला तिचा हात पुढे होतो.

"ऱ्हवांदे गो ती. तिच्यातच जेवाण आसा."

खरंच, उसासारख्या त्या पेरांच्या कांड्यांत रोपाची शिल्लक असते. कधीकधी तिच्यावरच पिल्लू फुटतं, मुळं आली की ते वेगळं लावता येतं. फुकटचं रोप. एकापर्यंत बावीस कुंड्या होतात.

११.१५
मुंबईहून आलेले चाकरमानी, नवरा-बायको. गाडी रस्त्यावर उभी. त्यांना जांभळी-पांढरी सोनिया हवी, सगळ्यांना तीच हवी असते. लग्नाच्या मांडवात, हॉटेलच्या टेबलावर दिसतं ते फूल बहुतेक हेच किंवा याचंच भावंड. थायलंडमध्ये त्याची शेती होते. एका चांगल्या रोपाच्या शेंड्यापासून प्रयोगशाळेत हजारो रोपं करतात, सगळी एकसारखी. काकींकडे ती बेंगळुरूच्या व्यापाऱ्याकडून येतात, बोटभर असताना, ११० रुपयांना एक. फुलायला वर्ष-दीड वर्ष जातं. दहातलं एखादं मरतं.

"काकी, ४०० जास्त होतात. २०० ला द्या ना."
"दोनशाक माकाच पडणा नाय रे."

बाई विचारते, फूल किती दिवस राहील? कुंडीवर महिनाभर तरी, काकी सांगतात. झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी काढून टाकता, मग हे महाग कसं? शेवटी दोन सोनिया आणि एक पांढरी एम्मा व्हाइट, ११०० रुपयांत. पन्नास-पन्नास दोघांनी सोडले, असं काकींचं म्हणणं. मला हिशोबात सगळे शंभर काकींनीच सोडलेले दिसले.

जाताना नवऱ्याचं लक्ष परसातल्या आंब्यावर जातं. फांदीला सीतेची वेणी चिकटलेली आहे, आपोआप आलेली. मेअखेरीस फुलून गेली. ती विकायची नाही. आठवडी बाजारात कोणी रानातून ओरबाडून आणलेली ऑर्किडं घेऊन बसतं, त्यांच्याकडूनही काकी घेत नाहीत.

१२.४५
जेवण. मग झोप. मांडवाला दुपारी कोणाची गरज नसते.

३.१५
पाऊस थांबलाय. संकर करायचं काम काकी एकट्या करतात. एक टूथपिक, एक हिरवट बुराना जेडचं फूल, एक गडद जांभळं.

ऑर्किडचे पराग उडत नाहीत. मधल्या दांड्याच्या टोकाला टोपीखाली पिवळे घट्ट गोळे असतात. काकी टूथपिकने टोपी उचकटतात, गोळे टोकाला चिकटतात. दुसऱ्या फुलाचे गोळे आधी काढून टाकायचे, मग त्याच्या खालच्या चिकट खळग्यात हे दाबायचे. एवढंच. देठाला चिठ्ठी: आईचं नाव, फुली, बापाचं नाव, तारीख. दोन-तीन दिवसांत फूल मिटेल. लागलं असेल तर मागचा देठ फुगून शेंग धरेल.

माणसाने घडवलेल्या संकरित ऑर्किडला पहिलं फूल आलं ते इंग्लंडमध्ये, १८५६ साली. एक्झेटरच्या व्हीच नर्सरीतल्या जॉन डॉमिनीने ते केलं होतं. बिया रुजवणं तेव्हा नशिबाचा खेळ होता. ऑर्किडचं बी धुळीसारखं, आत अन्न जवळपास नाहीच, रानात बुरशीची सोबत मिळाली तरच रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर बी रुजवून दाखवलं, बुरशीशिवाय. काकींची शेंगही काही महिन्यांनी पिकायला आली की पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जाईल. तिथून बाटलीत केसासारखी रोपं परत येतील. ती धुऊन, मॉसवर लावून, पहिल्या फुलापर्यंत साधारण तीन-चार वर्षं.

आणि बहुतेक फुलं साधीच निघतात. काकींच्या मागच्या संकरातली चाळीसेक रोपं फुलली, त्यातली दोन ठेवण्यासारखी होती. बाकीची रंग न सांगता २५० ला गेली.

४.३०
कोल्हापूरचं पार्सल. रोपांना कालपासून पाणी नाही, ओलं रोप खोक्यात कुजतं. कुंडी काढून मुळांभोवती कोरडा मॉस, त्यावर वर्तमानपत्र, फुलांच्या तुऱ्याला झाडूची काडी. खोक्याला पेनाने भोकं. वरची बाजू कुठली ते चारही अंगांना मोठ्या अक्षरांत. पुतण्या मोटारसायकलवर एसटी स्टँडला नेतो. पेट्रोल धरून १८० रुपये, ते गिऱ्हाईक देतं.

६.१०
दिवस उतरल्यावर पानांवर पाणी नाही, औषधाचा फवाराही नाही. रात्रभर ओली राहिलेली पानं सकाळी डागाळतात. म्हणून कापसाचा बोळा आणि स्पिरिट. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत, देठाच्या सांध्यात लपतात, एकेक पुसून काढायचे. वीज गेली, पंखा थांबला. काकींनी मान वर करून पंख्याकडे बघितलं आणि पुन्हा बोळा भिजवला. हवा थांबलेली रात्र त्यांना पावसापेक्षा वाईट वाटते.

८.४०
वही. जमा ११००, पार्सलचे १२००. खर्च: वयनी २५०, कोळसा १००, लायटर ३०. काकींच्या सकाळ-संध्याकाळचा रकाना वहीत नाही.

चतुर्थीच्या सुमाराला तुम्हीही ऑर्किड घ्यायला निघाला असाल, तर घ्या कुठूनही, पण फुलांकडे शेवटी बघा. आधी कुंडी उचलून भोकांतून मुळं बघा: टणक आणि पांढरी-हिरवी हवीत. बुडाशी नवा कोंब हवा. आणि घरी नेल्यावर मातीत लावू नका.