वेळ अमावस्या

वेळ अमावस्या हा मार्गशीर्ष महिन्याच्या अमावस्येला शेतात साजरा होणारा कृषिसण आहे. ग्रामीण बोलीत त्याला येळवस किंवा येळी अमावस्या म्हणतात. पंचांगांत आणि वृत्तपत्रांत 'दर्शवेळा अमावस्या' असेही नाव आढळते. महाराष्ट्रात तो मुख्यतः लातूर व धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत, तसेच सोलापूर व नांदेड जिल्ह्यांच्या कर्नाटक-तेलंगणाकडील पट्ट्यांत पाळला जातो. सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गी आणि उत्तर कर्नाटकाच्या इतर भागांतही तो आहे. धाराशिव जिल्ह्यात लोहारा, उमरगा, तुळजापूर या तालुक्यांत त्याचे महत्त्व विशेष आहे. या दिवशी कुटुंबे, आप्तेष्ट व मित्रमंडळींसह, रब्बीच्या उभ्या पिकात जाऊन भूमीची पूजा करतात आणि आपल्या रानात पिकलेल्या अन्नाचे सहभोजन करतात.

महाराष्ट्रात महिना अमावस्येला संपतो, म्हणून ही मार्गशीर्षाची अखेरची तिथी होय. इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे ती डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. उदाहरणार्थ, ११ जानेवारी २०२४ रोजी ही अमावस्या होती आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला ती पुन्हा आली. या मागेपुढे होण्याचा परिणाम जेवणावर होतो. अमावस्या जानेवारीत आली तर ज्वारीचे कणीस हुरड्यात आलेले असते. डिसेंबरात आली तर हुरड्यावाचून भागवावे लागते.

नावाची व्युत्पत्ती

'वेळ' या शब्दाचा संबंध काळ किंवा समय या अर्थाशी जोडण्याचा मोह होतो. पण सणाचे मूळ नाव कन्नड असावे असे मानण्यास सबळ कारण आहे. उत्तर कर्नाटकात याच तिथीला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. शब्दारंभीच्या 'ए'चा उच्चार कन्नडमध्ये आणि या भागातील मराठी बोलीत 'ये' असा होतो, त्यामुळे 'एळ्ळ'चे 'येळ' होणे स्वाभाविक आहे. 'अवस' हे अमावस्येचे जुने मराठी रूप 'अवस-पुनव' या जोडशब्दात अजून टिकून आहे. येळ आणि अवस मिळून 'येळवस' झाले. बोलीतील 'येळ' प्रमाण मराठीत 'वेळ' होतो ('लई येळ झाला', 'फार वेळ झाला'), म्हणून शिकलेल्या मंडळींनी 'येळ अमावस्ये'लाही शुद्ध करून 'वेळ अमावस्या' केले असावे. अशा सुधारणेत मूळ अर्थ हरवतो, आणि येथे तसेच झालेले दिसते.

दुसरी व्युत्पत्ती अशी सांगितली जाते की, कन्नड 'एळु' म्हणजे सात, आणि पेरणीच्या ज्येष्ठ महिन्यापासून मोजल्यास ही सातवी अमावस्या ठरते. मोजणी बरोबर आहे. मात्र कन्नड नावातील द्वित्त 'ळ्ळ' आणि सणातील तिळाच्या पोळ्या पाहता पहिली उपपत्ती अधिक पटते.

भाषेच्या या सरमिसळीला इतिहास आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उस्मानाबाद, बीदर व गुलबर्गा हे तिन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तर तोवर बीदर जिल्ह्याचेच भाग होते. पुनर्रचनेत ते उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ साली झालेल्या लातूर जिल्ह्यात गेले. राज्याची सीमा भाषेवरून आखली गेली. सण मात्र दोन्हीकडे तसाच राहिला.

अन्न

या सणाचे सारे वैशिष्ट्य त्याच्या जेवणात आहे. सणाचे म्हणून जे पक्वान्न महाराष्ट्रात सर्वत्र समजले जाते, त्या पुरणपोळीला येथे अग्रमान नाही. तो मान भज्जी, अंबिल आणि उंडे या तिघांचा.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. परगावच्या पाहुण्याचा हा घोटाळा दरवर्षी होतो. तुरीचे व हरभऱ्याचे कोवळे सोले, वाटाणा, पावटा, वालाच्या शेंगा, वांगी, गाजर, मेथी, कांद्याची व लसणाची पात, भुईमुगाचे दाणे, बोरे असे त्या दिवशी रानात जे जे हाती लागेल ते एकत्र शिजवून, चिंचेचा कोळ व डाळीचे पीठ लावून केलेले हे दाट कालवण होय. तिची ठराविक कृती नाही. ज्याच्या रानात जे पिकते तेच तिच्यात पडते, म्हणून दोन बांधांवरच्या दोन भज्ज्यांची चव एक नसते. एका अर्थाने ती त्या शेताची त्या वर्षीची नोंदवहीच असते. शेतात मिश्रपीक असेल तर भज्जी भरगच्च होते. एकच पीक असेल तर भाजी बाजारातून आणावी लागते.

अंबिलाची तयारी तीन-चार दिवस आधी सुरू होते, कारण पुरेसे ताक साठवावे लागते. ताकात ज्वारीचे पीठ कालवून ते आंबू देतात, मग शिजवून त्यात लसूण, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ घालतात. आंबवण्याच्या क्रियेत ताकातील जिवाणू पिठातील शर्करेपासून आम्ल तयार करतात. त्यामुळे पेयाला आंबटपणा येतो, ते पचायला हलके होते आणि दिवसभर उन्हात टिकते. जड जेवणानंतर झाडाखाली डोळा लागतो त्याचे श्रेय सर्वजण अंबिलाला देतात.

उंडे म्हणजे बाजरीच्या किंवा ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले गोळे. ते भज्जीत कुस्करून खातात. याशिवाय ज्वारी-बाजरीच्या भाकरी, धपाटे, खिचडा, गव्हाची खीर, तिळाची व शेंगदाण्याची पोळी असते. तांदूळ या पंगतीत जवळजवळ नाही. हा कोरडवाहू काळ्या जमिनीचा प्रदेश आहे, आणि ताटातले जवळपास सर्व अन्न त्याच जमिनीचे आहे. याच परिसरातील निलंगा तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ व पानचिंचोलीची चिंच आणि लातूर जिल्ह्यातीलच कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिन्ही भज्जी-अंबिलाच्या साहित्यातलेच जिन्नस आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एवढा स्वयंपाक आदल्या रात्रीपासून, बहुतेक घरी स्त्रियाच करतात. जागरणाचा वाटा त्यांचा आणि वनभोजनाचे कौतुक सर्वांचे, ही वाटणी या सणावरील लेखनात क्वचितच नोंदली जाते.

शेतातील पूजा

सकाळी अंबिलाने भरलेले बिंदगे (मडके किंवा घागर) डोक्यावर घेऊन घरचे माणूस शेताकडे निघते. बिंदग्याला बाहेरून चुना व काव यांनी रंगवतात. पूर्वी बाकी सारे बैलगाडीतून जात. आता ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि मोटारी असतात.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्रिकोणी खोप केलेली असते. बोलीत तिला कोप म्हणतात. तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात. हे पाच पांडव. कोठे त्यांच्याबरोबर द्रौपदीचाही दगड असतो. पांडवांबरोबर लक्ष्मीची पूजा होते, आणि ही लक्ष्मी म्हणजे पिकाच्या रूपातील भूमीच. पूजेला पुरोहित लागत नाही. घरचा कर्ता किंवा जोडपे ती करते. नैवेद्यानंतर अंबिल व नैवेद्याचे अन्न उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात. त्याला चर शिंपणे म्हणतात. कर्नाटकात याच विधीला 'चरग' असे नाव आहे. फेरीच्या वेळी मोठ्याने एक आरोळी दिली जाते. तिचे शब्द गावागणिक बदलतात, आणि त्यांचा अर्थ ओरडणाऱ्या बहुतेक मराठी भाषकांना सांगता येत नाही, कारण ते शब्द कन्नड वळणाचे आहेत. अर्थ कळत नसतानाही शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात टिकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

नंतर पंगती बसतात. ज्याला शेत नाही त्याला बोलावणे हा सणाचा अलिखित नियम होय. सालगड्याचे कुटुंब, गावातील कारागीर, शहरातील शिक्षक, कचेरीतील परजिल्ह्यातून आलेले कर्मचारी आणि मुसलमान शेजारी यांना आमंत्रण असते. वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून ताटावर बसवतात. एका दिवसात चार शेतांवर जेवावे लागल्याची तक्रार पाहुणे हसत करतात. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात या दिवसासाठी बहुधा स्थानिक सुट्टी जाहीर करतात. दुपारी लातूरसारख्या शहराचे रस्तेही ओस पडतात. त्याला वृत्तपत्रे 'अघोषित संचारबंदी' म्हणतात.

सायंकाळी काही गावांत नव्या मडक्यात दूध तापवून उतू जाऊ देतात आणि ते ज्या बाजूने उतू जाईल त्यावरून पुढच्या वर्षीच्या पावसाचा अंदाज बांधतात. अंधार पडू लागला की कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवतात. या चुडीला हेंडगा म्हणतात.

माकणी व तेरणाकाठ

लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव तेरणा नदीवर आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण येथेच बांधलेले असल्याने ते 'माकणी धरण' म्हणून ओळखले जाते. तेरणा पुढे मांजरेला व मांजरा गोदावरीला मिळते. धरणाने या भागातील शेतीचे दोन भाग केले. ज्यांच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या त्यांचे वेळ अमावस्येचे शेतच गेले. ज्यांना पाणी मिळाले त्यांच्या रानात ज्वारीच्या जागी ऊस आला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाचा तडाखा याच पट्ट्याला बसला. लोहारा तालुक्यातील सास्तूर आणि लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी ही गावे उद्ध्वस्त झाली. या आपत्तीत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अनंतचतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट होती. पुढे अनेक गावांचे पुनर्वसन नव्या जागी, सरळ रस्त्यांच्या वसाहतींत झाले. घरे हलली, शेते हलवता येत नव्हती. त्यामुळे नव्या घरापासून शेत दूर पडले आणि रोज शेतावर जाणे अवघड झाले. अशा गावांत वेळ अमावस्येला शेतावर जाताना जुन्या गावठाणाची वाट पुन्हा पायाखाली येते.

लहान शेती आणि बदलते पीक

कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात दर खातेदारामागे सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. देशातील सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प किंवा अत्यल्प भूधारक, म्हणजे दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेले आहेत. वाटण्या होत गेल्या तशा एका कोपीच्या तीन कोपी झाल्या. काही कुटुंबे वाटणीनंतरही या दिवसापुरती एकाच खोपीपाशी जमतात, आणि वर्षभर अबोला धरलेले भाऊ त्या पंगतीत शेजारी बसतात. काही तेवढेही करत नाहीत.

जमीन लहान झाली आणि पिकेही मोजकी उरली. गेल्या काही दशकांत लातूर-धाराशिव भागात खरिपात सोयाबीन पसरले आणि रब्बीत हरभऱ्याने ज्वारीचे क्षेत्र बरेचसे घेतले. यामागे साधा हिशेब आहे. ज्वारीच्या काढणीला मजूर जास्त लागतात, पाखरांची राखण करावी लागते आणि रोख भाव बेताचा मिळतो. जनावरे कमी झाली तसा कडब्याचा आधारही कमी झाला. हिशेब शेतकऱ्याच्या बाजूने पाहिल्यास चुकीचा म्हणता येत नाही. पण सोयाबीन थेट ताटात येत नाही. पूर्वी पाटा पाडून पेरली जाणारी तूर, मूग, जवस, करडई, तीळ ही पिके रानातून गेली, तसे भज्जीतले जिन्नसही एकेक करून गेले. कोपीसाठी कडबा विकत आणणारी घरे आज विरळा नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला 'मालदांडी ३५-१' हा रब्बी ज्वारीचा वाण या प्रदेशात दीर्घकाळ टिकून आहे, कारण भाकरी आणि कडबा दोन्हीसाठी त्याच्या तोडीचे वाण थोडे आहेत. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. शहरात ज्वारी-बाजरीला त्यामुळे प्रतिष्ठा लाभली. तेरणाकाठच्या घरांत ती कधी गेलीच नव्हती.

अवर्षणाच्या वर्षी सण होतो, पण भज्जी पातळ होते. २०१५-१६ चा दुष्काळ तीव्र होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या हिवाळ्यात रब्बीचे पीक अनेक ठिकाणी उभेच नव्हते.

समांतर उपक्रम

पाश्चात्त्य देशांत स्थानिक अन्न आणि लहान शेतकरी यांना केंद्रस्थानी ठेवणारे उत्सव १९८६ नंतर इटलीत उदयास आलेल्या 'स्लो फूड' चळवळीने लोकप्रिय केले. महाराष्ट्रात कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो. वेळ अमावस्येच्या प्रदेशाला लागूनच, तेलंगणातील जहीराबादजवळ पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था संक्रांतीपासून सुमारे महिनाभर जैवविविधता जत्रा काढते. सजवलेल्या बैलगाड्यांतून देशी बियाणे गावोगावी नेले जाते आणि त्यात दलित शेतकरी स्त्रियांचा पुढाकार असतो. या सर्वांना आयोजक, मंडप आणि ठराविक स्थळ असते. वेळ अमावस्येला यांपैकी काहीच नाही. प्रत्येक शेत हेच तिचे स्थळ, आणि यजमान ज्याचा त्याने व्हायचे असते.