बँक खात्यातून जादा कापलेले पैसे परत कसे मागावेत?



आडत्याने पोत्यामागे किलोभर जादा कडता धरला, तर आपण काट्यावरच त्याला अडवतो. पट्टीवर हमालीचे पाच रुपये जादा लागले, तरी विचारल्याशिवाय उठत नाही. पण बँकेच्या पासबुकात शे-दोनशे रुपये कापलेले दिसले, तर मात्र ‘बँकेचं आहे, बरोबरच असणार’ असे म्हणून पासबुक पुन्हा ट्रंकेत ठेवून देतो. बँकेतही माणसेच काम करतात आणि हल्ली तर बरीचशी कापाकापी यंत्रच करते. यंत्राला खातेदार कोण, कसा, हे कळत नाही. त्याला जसे सांगून ठेवले तसे ते कापते.

गेल्या साली आमच्या कार्यालयात एक मावशी आल्या. शेत दीड एकर, कोरडवाहू. पी.एम. किसानचा दोन हजारांचा हप्ता जमा झाल्याचे शेजारणीने सांगितले म्हणून त्या बँकेत गेल्या, तर हातात आले १,४७२ रुपये. ‘साहेब, सरकारने हप्ता कमी केला का?’ असे त्यांचे विचारणे. पासबुक भरून आणायला लावले, तेव्हा उलगडा झाला. खात्यात १८० रुपये शिल्लक होती. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून बँकेने २०० रुपये दंड आणि त्यावर ३६ रुपये जीएसटी, असे २३६ रुपये कापले. खाते उणे ५६ झाले. पुढे असेच आणखी दोनदा कापले आणि खाते उणे ५२८ वर गेले. दोन हजार आले ते आधी हा खड्डा भरण्यात गेले आणि उरले १,४७२.

आता नियम काय आहे तो बघा. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये परिपत्रक काढले आणि ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने खातेदाराला आधी कळवले पाहिजे, एसएमएसने किंवा पत्राने. शिल्लक भरायला महिनाभराची मुदत दिली पाहिजे. त्यानंतर दंड लावायचा तो जेवढी तूट असेल त्या प्रमाणात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. खात्यात १८० असतील तर १८० पेक्षा जास्त बँकेला कापता येत नाही. दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्याला तर हा दंड लावायचाच नाही.

मावशींच्या नावाने आम्ही साधा अर्ज लिहिला. तीन आठवड्यांत ५२८ रुपये परत जमा झाले. उरलेले १८० मात्र मिळाले नाहीत. बँकेने दाखवून दिले की एसएमएस पाठवला होता. तो गेला होता मुलाच्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम मुलाने केव्हाच टाकून दिले होते. तेव्हा बँकेचे म्हणणे खोडता आले नाही. मोबाइल नंबर बदलला की शाखेत लेखी कळवावे, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक बैठकीत सांगतो. मावशींचे खाते नंतर मूलभूत बचत खात्यात बदलून घेतले. त्याला किमान शिल्लक लागत नाही आणि हे खाते प्रत्येक बँकेने द्यायचे असते. काही सरकारी बँकांनी हा दंड अलीकडे बंदच केला आहे, तरी आपल्या शाखेत विचारून खात्री करावी.

बचत खात्याचे एवढे पुरे. खरी मोठी रक्कम अडकते ती पीककर्जाच्या खात्यात.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ सालापासून आले. त्यावरचे पीककर्ज हे उचल खाते आहे. मंजुरी लाखाची असली तरी जेवढी रक्कम जेवढे दिवस उचलली, तेवढ्यावरच व्याज. पुष्कळ जण मंजूर झालेले सगळे पैसे एकदम काढून बचत खात्यात ठेवतात. व्याजाचे मीटर त्याच दिवशी सुरू होते. यात बँकेचा दोष नाही.

समजा, तुम्ही ८०,००० रुपये पीककर्ज उचलले. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज सालाना ७ टक्के. वर्षाचे झाले ५,६०० रुपये. मुदतीत फेड केली तर केंद्र सरकारकडून ३ टक्के सवलत मिळते, म्हणजे व्याज पडते ४ टक्के, ३,२०० रुपये. मधले २,४०० रुपये तुमचे आहेत. ते खात्यावर जमा दिसले पाहिजेत. युरियाच्या किती गोण्या होतात, तुम्हीच हिशेब करा. त्याशिवाय राज्य सरकारची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज शून्य पडावे, अशी तिची योजना आहे. तीही सवलत जमा झाली का ते पाहावे.

माझा अनुभव असा की सर्वांत जास्त पैसे इथेच राहून जातात. शेतकरी कर्ज भरतो, लगेच नवे-जुने करतो आणि सवलतीचे विसरून जातो. विचारले तर शाखेत उत्तर मिळते, ‘सरकारकडून अजून आले नाहीत.’ तसे खरेही असू शकते. पण मग दुसरा प्रश्न विचारावा: ‘माझे नाव मागणीच्या यादीत पाठवले आहे का?’ हा प्रश्न लेखी विचारला तर उत्तरही लेखी येते. खात्याला आधार जोडलेले नसेल, तर नाव यादीतून गळते. ही दुरुस्ती आपणच करून घ्यायची.

मुदत मात्र कडक असते. दोन दिवस उशीर झाला तरी सवलत जाते. ते पैसे अन्यायाने कापले असे म्हणता येणार नाही आणि त्यासाठी बँकेशी उगाच भांडू नये. तारीख पासबुकाच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता व्याजावरचे व्याज. पीककर्जाची मुदत संपेपर्यंत बँकेने त्यावर चक्रवाढ व्याज लावायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कर्ज थकले तर व्याज मुद्दलात मिळवता येते, पण वर्षातून एकदाच, पिकाच्या हंगामाचा मेळ बघून. कारण उघड आहे. दुकानदाराचा गल्ला रोज भरतो, शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो सुगी झाल्यावर. हा वाद कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शेतीकर्जावर तिमाही किंवा सहामाही व्याज मुद्दलात मिळवता येणार नाही, हे न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले.

याने फरक किती पडतो? ८०,००० रुपये थकले, व्याज १२ टक्के धरा आणि पाच वर्षे काहीच भरले नाही असे समजा. वर्षातून एकदा व्याज मिळवले तर येणे होते सुमारे १,४०,९८७ रुपये. दर तिमाहीला मिळवले तर सुमारे १,४४,४८९. म्हणजे साडेतीन हजारांचा फरक, आणि तोही केवळ मिळवणी चार वेळा केल्यामुळे. हे ओळखायचे कसे? खातेउतारा घ्या आणि व्याज नावे टाकल्याच्या तारखांवर लाल पेन्सिलीने खुणा करा. वर्षात अशा दोन किंवा चार खुणा दिसल्या, तर पुढचे व्याज वाढलेल्या रकमेवर मोजले आहे का हे तपासा. नुसती नोंद असणे वेगळे आणि त्या नोंदीवर पुन्हा व्याज मोजणे वेगळे. आकडेमोड जमत नसेल तर गावच्या शाळेतल्या गुरुजींना दाखवा. सातवीतले गणित आहे.

आपल्याकडे दामदुपटीचा रिवाज जुना. सावकारानेसुद्धा मुद्दलापेक्षा जास्त व्याज एकदम मागायचे नाही, असा तो रिवाज. व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने तसाच नियम केला आहे. अल्प व अत्यल्प भूधारकाच्या, म्हणजे पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याच्या, अल्पमुदतीच्या कर्जावर नावे टाकलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. वरचेच कर्ज सात वर्षे थकले तर वार्षिक हिशेबानेही व्याज ९६,८५५ रुपये होते. पण मुद्दल ८०,००० आहे, तेव्हा वरचे १६,८५५ रुपये खात्यावर टाकताच येत नाहीत. एकरकमी तडजोडीला बोलावणे आले, तर आकडा मान्य करण्याआधी हे जरूर बघावे. ट्रॅक्टर, विहीर, पाइपलाइन यांच्या मुदती कर्जाला हा नियम लागत नाही. गल्लत करू नये.

किरकोळ वाटणाऱ्या कपातीही असतात. पीककर्ज ५०,००० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर तपासणी फी किंवा सेवाशुल्क लावायचे नाही, असा १ एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याआधी ही मर्यादा २५,००० होती. शिवाय २०१९ साली केंद्र सरकारच्या सांगण्यावरून बँकांच्या संघटनेने, तीन लाखांपर्यंतच्या किसान क्रेडिट कार्डावर प्रोसेसिंग, कागदपत्रे, तपासणी आणि खातेपान यांची फी घेऊ नये, असे बँकांना कळवले. फी परत मागाल तेव्हा तिच्यावरचा जीएसटीही मागा. तो मागायचा राहूनच जातो.

मे महिन्याच्या अखेरीस बऱ्याच खात्यांतून २० रुपये आणि ४३६ रुपये जातात. ते अपघात विमा आणि जीवन विम्याचे हप्ते. विमा वाईट नाही, गरिबाला तो असावाच. पण त्याला तुमची संमती लागते. संमती दिल्याचे आठवत नसेल तर सहीचा फॉर्म दाखवा म्हणावे. दोन बँकांत खाती असली तर दोन्हीकडून हप्ता जातो आणि भरपाई मात्र एकाच विम्याची मिळते. एकीकडचा बंद करावा. पीकविमा खरीप २०२० पासून कर्जदारालाही ऐच्छिक आहे. नको असेल तर अंतिम तारखेच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्यावे लागते. नंतर आरडाओरडा करून हप्ता परत येत नाही. उलट, हप्ता कापला आणि बँकेने तुमची नोंदच पुढे पाठवली नाही, तर नुकसानभरपाईची जबाबदारी बँकेवर येते.

आता मागायचे कसे? तोंडी सांगून भागत नाही. खिडकीवरचा माणूस ‘बघतो’ म्हणतो आणि त्याची बदली होते. अर्ज दोन प्रतींत करा, एक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, साध्या टपालानेही चालते. पत्ता: केंद्रीकृत पावती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. माहितीसाठी फोन १४४४८. बँकेला आधी लेखी न कळवता थेट तिकडे गेलात तर तक्रार परत येते. उत्तर आल्यावर फार दिवस लावू नका.

जिल्हा मध्यवर्ती बँका पूर्वी या लोकपालाच्या कक्षेत नव्हत्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या आल्या आहेत. गावची विकास सोसायटी मात्र रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. तिच्या हिशेबाची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकार खात्यात करायची. सोसायटीचा सचिव आपल्याच गावचा, रोज भेटणारा असतो, म्हणून लिहायला संकोच वाटतो. तरी पोच घेतल्याशिवाय हिशेबाचा कागद देऊ नये.

अर्ज लांबलचक नको. शिव्याशाप, घरची हकिकत काही नको. असा लिहा:

मा. शाखाधिकारी यांस,
माझे आपल्या शाखेत ........ क्रमांकाचे पीककर्ज / बचत खाते आहे. दि. ........ रोजी या खात्यातून रु. ........ या नावाखाली कापले आहेत. ही रक्कम कोणत्या नियमाने कापली ते लेखी कळवावे. नियमात बसत नसेल तर ती जीएसटीसह माझ्या खात्यात जमा करावी, ही विनंती. माझा सध्याचा मोबाइल नंबर ........ आहे.
सही / अंगठा, नाव, गाव, तारीख.
सोबत: पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स. खूण केलेली.